कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी

घरात कुणी एखादी गोष्ट मनापासून करायला घेतली की किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे ते जेवायच्या टेबलावर साठले. माझी मुलगी ऋचा तिथे आपला पहिला कॉम्प्युटर जोडत होती, आणि आम्ही सासूसुना आठवडाभर ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

जोडत होती म्हणणंही चूक. आधी तपासत होती. प्रत्येक पार्ट कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीच्या, बाहेरच चालवून बघायचा, चालला की त्यावर चिठ्ठी: 'पास'. सगळे पार्ट नवे होते. ग्राफिक्स कार्ड तेवढं तिच्या बाबांनी घेऊन ठेवलेलं. ते गेले त्याला सव्वा वर्ष झालं. खोका तसाच सीलबंद. बदलून मिळायची मुदत केव्हाच संपलेली. ते तिने शेवटी ठेवलं.

*

पहिल्याच दिवशी तिने जाहीर केलं, अंगातल्या स्टॅटिक विजेने पार्ट जळतात. टेबलाशी येणाऱ्याने ती उतरवायला आधी नळाला हात लावायचा, सिंथेटिक साडी चालणार नाही, आणि काम करताना तिला शिवायचं नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "मी सोवळं पाळायचे तेव्हा तुम्ही दोघं हसायचात!"

दुसऱ्या दिवसापासून त्या सुती साडीत, नळाला हात लावून, टेबलाशी खुर्ची टाकून हजर.

*

हळदकुंकू लावल्याशिवाय आमच्याकडे फ्रिजसुद्धा सुरू झालेला नाही. सासूबाई करंडा घेऊन मदरबोर्डकडे निघाल्या. मी डोळेच मिटले.

ऋचाने मदरबोर्डचा रिकामा खोका पुढे केला. "आजी, याला लाव. बोर्ड याच्यावरच ठेवणारे मी."

*

शेजारचे परबकाका आयुष्यभर टीव्ही दुरुस्त करत आलेले. त्यांनी विचारलं, बटण कुठाय? बटण कॅबिनेटवर, आणि कॅबिनेट अजून कोपऱ्यात. ऋचाने स्क्रूड्रायव्हरचं टोक बोर्डवरच्या दोन पिनांना टेकवलं. बोर्डवरचा पंखा गरगरला.

"माझ्या दुकानात असं केलं असतंस तर कानफटात मारली असती," काका म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून, "परत कर बघू."

*

रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काही केल्या चालेना. पार्ट जिथून घेतले त्या अंधेरीच्या दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, नीट बसवली नसेल, पप्पांना फोन दे.

मी हात पुढे केला होता.

"माझ्याशीच बोला," ऋचा म्हणाली, आणि कुठली पट्टी, कुठला स्लॉट, किती वेळा, सगळं सांगितलं. नवी पट्टी दुसऱ्या दिवशी घरपोच आली.

*

रविवारी सकाळी तिने कार्डाचं सील फोडलं. बसवलं, पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. कार्डाचे पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच.

मी टेबलाची कड धरून उभी होते. ऋचाने सगळं बंद करून मॉनिटरची केबल तपासली. ती अजून मदरबोर्डलाच होती. काढून कार्डाला लावली, पुन्हा पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला.

अक्षरं उमटली.

तिने चिठ्ठी लिहिली. तिच्याच नियमाने आता बंद करून, कॅबिनेटमध्ये बसवण्यासाठी सगळं सुटं करायचं होतं.

"आई, जरा वेळ चालू राहू दे ना," ती म्हणाली.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पंखा बंद केला. आता फक्त कार्डाच्या पंख्यांचा आवाज येत होता.