हळदीने दिलेली साक्ष

जी दफनभूमी सरकारदप्तरी कुठेच नाही, ती होती हे पोलिसांनी सिद्ध कसे करावे? हा प्रश्न माझ्यापुढे ज्या तपासात उभा राहिला, तो आजही मला लख्ख आठवतो. बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचा तो काळ. मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका ठाण्यात फौजदार होतो.

एका सकाळी हजेरी चालू असताना एक मेंढपाळ म्हातारी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. त्यांच्यात मृतांना पुरून वर दगड उभा करण्याची चाल होती. कळप चराईवरून परतला, तेव्हा माळावरचे सगळे दगड नाहीसे झालेले होते.

"माजा धनी तितं निजलाय, फौजदार," ती म्हणाली. "त्या माळाला लागून ज्याचं रान हाय, त्यो बागाईतदार पाऊस पडला की नांगर घालणार म्हनं. मग धनी कुटं हुडकू?"

नांगर फिरला की दगडांच्या खाचा बुजणार आणि कोणती जागा कोणाची, हे कायमचे पुसले जाणार. दफनभूमीत अतिक्रमण व चोरी असा गुन्हा मी नोंदवून घेतला.

खबर आमच्या जमादारांनी चहाच्या टपरीवरून आणली. त्या बागाइतदाराच्या नव्या गोठ्याचा दगडी चौथरा उभा राहिला, पण गावात छिन्नीचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

बागाइतदार ठाण्यात आला तो पानाचा तोबरा भरून. "सायेब, तितं मसणवटा हाय असं कुटं लिवलंय? दाखवा की."

"चौथऱ्याचे दगड कुठले?"

"खाणीतलं. दगडावर काय नाव असतंय व्हय?"

नाव खरोखरच नव्हते. मात्र मेंढपाळ आपल्या दगडांना वर्षानुवर्षे तेल लावून भंडारा, म्हणजे हळद, माखतात, हे मी पाहिले होते. पंचांना घेऊन गोठ्यावर गेलो आणि चौथऱ्याचा एक दगड उपटायला लावला. त्याची आत लपवलेली बाजू फिकट पिवळसर दिसली.

"मुरूम लागलाय त्यो," बागाइतदार म्हणाला.

मी जमादारांकडे चुन्याची डबी मागितली.

"सायेब, तुमी कवापास्नं तंबाखू खाया लागला?"

मी चुना बोटावर घेतला, पाण्यात कालवला आणि दगडावर चोळला. हळदीला चुना लागला की ती लाल होते. आमच्या घरी आई कुंकू असेच करीत असे. मुरूम लाल होत नाही. पंचांच्या देखत तो दगड कुंकवासारखा रंगला. दुसरा उपटला, तोही रंगला.

"काय मालक," जमादार म्हणाले, "तुमच्या खाणीत बायका हळदी-कुंकू करत्यात काय?"

गोठ्याबाहेर जमलेली माणसे खो खो हसली. बागाइतदार खाली बसला. "ती मानसं आज इतं, उद्या तितं. म्हटलं, कोन इचारतंय."

पंचनामा पुरा करून दगड त्याच्याच बैलगाडीतून माळावर नेले. मेंढपाळांची घरे जमली. दगडाचे बूड आणि जमिनीतली खाच जुळवून एकेक दगड उभा राहू लागला. जमादारांनी एक दगड बसवताच म्हातारी कडाडली, "आरं, उलटा बशिवलास! माजा धनी काय तुज्यावर रुसलाय व्हय, पाट फिरवून बसाया?" दगड फिरवला. तिने त्यावर मूठभर भंडारा उधळला, आणि सगळा माळ तिच्यामागून पिवळा झाला.

दुसऱ्या दिवशी तलाठ्यांना बोलावून जागा मोजून घेतली, प्रत्येक दगडाचे स्थान नकाशावर मांडले, घरच्या माणसांनी सांगितलेली नावे शेजारी लिहिली आणि एक प्रत चावडीत ठेवली. पुढे त्या जागेची रीतसर नोंद झाली आणि नांगर तिच्या बांधापाशीच थांबला.

या तपासाने मला एवढे शिकवले, की पुरावा कागदाबाहेरही असतो, तो शोधता येतो. परंतु संरक्षण टिकते ते नोंदीने. फिरत्या माणसांचे तर विशेषच, कारण मागे राखण करायला कोणी नसते. म्हणून वाचकांना साधी विनंती आहे: आपल्या गावची जुनी दफनभूमी गावनकाशात दाखवली आहे की नाही, हे माझ्या सांगण्यावर सोडू नका. तलाठी कार्यालयात जा, नकाशा मागा आणि स्वतः पाहा.