समोरच्या इमारतीतला दिवा

बाळांनो, सोन्याच्या शोधात वसलेल्या आणि मग ओस पडलेल्या गावांबद्दल शाळेत शिकताय, असं परवा व्हिडिओ कॉलवर सांगितलंत. "आजी, तू असं गाव पाहिलंयस का?" असंही विचारलंत. तुमचा बाबा शेजारीच होता आणि त्याला असल्या गोष्टी आवडत नाहीत, म्हणून मी विषय बदलला. आता नीट लिहून सांगते. तुमचा बाबा वाढला, तेच ते गाव.

सिंगापुरात बुओना व्हिस्टाजवळ आमच्या जुन्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, दोन इमारती समोरासमोर होत्या. कॉम्प्युटरच्या कामासाठी पुण्या-मुंबईची माणसं तेव्हा येतच होती. लिफ्टमध्ये सारखं कुणीतरी नवं मराठी बोलणारं भेटायचं. समोरच्या इमारतीतली माझी मैत्रीण तर दिवसाआड दारात उभी. "चहा पावडर दे गं, आमची संपली." परत कधीच करायची नाही.

मग एका बिल्डरला आमची सगळी जमीन हवी झाली. सोनं पायाखालीच निघालं म्हणायचं. लिफ्टमध्ये एकच विषय: "विकायच्या कागदावर सही केलीत का?" सगळ्यांनी केली, मीसुद्धा. एकेक घर रिकामं होत गेलं. तुमचे आजोबा त्याआधीच वारले होते. खालचा सिक्युरिटी अंकल मला रोज म्हणायचा, "आंटी, ऑल गॉन ऑलरेडी. यू स्टिल हिअर, आह?"

मैत्रीण शहरातच आंग मो किओला मुलाकडे राहायला जायची होती. सामान बांधता बांधता ती हॉलमध्येच कोसळली आणि गेली.

आपल्याकडे माणूस जिथे जातं तिथे दहा दिवस दिवा ठेवतात, विझू देत नाहीत. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, त्या रिकाम्या घरात सतरंजीवर राहिले. त्या इमारतीची वीज तोडलेली. तिन्हीसांजेला माझ्या खिडकीतून सगळी इमारत काळी दिसायची आणि तेवढी एक खिडकी पिवळी.

बिल्डरला त्यांच्या घराची किल्ली द्यायची तारीख दहाव्याच्या आधीच आली. पुढे ढकलायला कुणी तयार होईना. मी म्हटलं, "दिवा माझ्याकडे आणू या. माझी किल्ली महिनाअखेरीला द्यायचीय."

"वहिनी, तिला सापडेल का पण?"

"सांगून नेऊ."

मी हे का बोलले, मला अजून कळलेलं नाही. माझा यावर विश्वास नव्हता. भाऊजी दारात थांबून रिकाम्या हॉलकडे बघत म्हणाले, "चल गं, वहिनींकडे जायचंय." हातात पितळेचं निरांजन, त्यावर मी धरलेली टोपली. लिफ्ट बंद, म्हणून जिन्याने निघालो. खालच्या वळणावर ज्योत एकदम आडवी झाली. वारा अजिबात नव्हता. आम्ही जागच्या जागी थिजलो. कुणीतरी घाईने पुढे निघून जावं तेवढाच वेळ, मग ती परत सरळ झाली.

"तिला कधी धीर म्हणून नव्हताच," भाऊजी म्हणाले.

नवव्या दिवशी रीतीप्रमाणे दिव्याभोवती पीठ पसरून वर टोपली ठेवली. गेलेल्याची खूण उमटते म्हणतात. भाऊजी रात्री मुलाकडे गेले. मी खिडक्या लावून घेतल्या. सकाळी ते आले, तेव्हाच टोपली उचलली. पिठात बारीक ठसे होते, एका ओळीत, स्वयंपाकघराच्या दिशेने. पाल असेल, मी म्हटलं. भाऊजी वाकून बराच वेळ बघत राहिले.

"चहाचा डबा कुठे ठेवता, वहिनी?"

"त्याच बाजूला."

"मग पोचली," ते म्हणाले आणि आल्यापासून पहिल्यांदा खाली बसले.

दहावा पार पडल्यावर तेल घातलं नाही. दिवा आपोआप शांत झाला. महिनाअखेरीला मीही किल्ली दिली. आता तिथे उंच पत्र्यांच्या आत क्रेन उभी आहे. निरांजन भाऊजींनी माझ्याकडेच ठेवलं. ते माझ्या नव्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी आहे. डबा जुनाच आहे.