चार सर्व्हर आणि ओक आजींची ओळख

प्यो मानसू गांगग्योंग गावच्या त्या खारवलेल्या जवळ्याच्या कंपनीत लागला तो पिंपं उचलायला. अकरा वर्षं त्याने पिंपंच उचलली. मग एके दिवशी ऑफिसातला प्रिंटर अडकला, याने झाकण उघडून आतला चुरगळलेला कागद ओढून काढला, आणि त्या घटकेपासून कंपनीतलं जे काही विजेवर चालतं ते सगळं त्याच्या गळ्यात पडलं. बावन्नाव्या वर्षी त्याच्या दारावर पाटी होती, 'संगणक विभाग'. विभागात तो एकटाच.

नोव्हेंबरात घरोघर किमची, म्हणजे जवळा घातलेलं कोबीचं तिखट लोणचं, घालतात, तेव्हा सगळा देश एकदम जवळा मागवतो. कंपनीची वेबसाइट दरवर्षी नेमकी त्याच आठवड्यात मान टाकायची. म्हणून यंदा मालकीण गुकबाईंनी एकाच्या जागी चार सर्व्हर आणले, आणि आलेलं गिऱ्हाईक चौघांत पाळीपाळीने वाटणारं एक यंत्र त्यांच्या पुढ्यात बसवायला लावलं. मानसूने बसवलं. वेबसाइट पडली नाही. दोन दिवस तो शीळ घालत हिंडला.

तिसऱ्या दिवशी ओक बुनर्ये आजी दोन बस बदलून थेट त्याच्या टेबलापाशी आल्या. वय एक्क्याऐंशी. गावच्या समाजघरात संगणकाचा वर्ग झाला होता, त्यात पहिल्या आलेल्या. त्यांनी ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

"वाचा. काय नाव आहे?"

"ओक बुनर्ये."

"मग तुमच्या मशीनला का ठाऊक नाही? नाव सांगितलं, पाच किलो जवळा टोपलीत टाकला, पुढचं बटण दाबलं, तर म्हणतं आपण कोण! चार वेळा विचारलं. चौथ्या वेळी मलाच शंका आली."

मानसूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आजी, ते चौघे आहेत. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नाही."

"एका खोलीत राहून?"

"एका कपाटात राहून."

"भांडलेत का?"

"भांडायला ओळख तरी हवी ना!"

त्याच दुपारी त्याने तोड काढली. इंटरनेटच्या एका पत्त्यावरून आलेलं गिऱ्हाईक कायम एकाच सर्व्हरकडे जाईल, असं त्या वाटणाऱ्या यंत्राला सांगून ठेवलं. पण तालुक्यातल्या झाडून सगळ्या समाजघरांचं इंटरनेट एकाच जोडणीवरून यायचं, म्हणजे यंत्राच्या लेखी पत्ता एकच. सकाळी दहाला तालुकाभरच्या आज्या एकदम क्रमांक तीनवर येऊन बसल्या. तो तापला, घरघरला, बंद पडला. उरलेले तिघे गार.

गुकबाई कपाटापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "एकटा मरतोय आणि तिघे बसून खातायत! लेखी खुलासा घ्या तिघांकडून."

"सर्व्हरकडून?"

"कामचुकारपणा कोणीही करो, खुलासा द्यावाच लागतो. नियम आहे, प्यो साहेब."

मानसूने जेवणाच्या सुट्टीत, सोयाबीनचं सूप गार होत असताना, लिहायला घेतलं : 'मी, सर्व्हर क्रमांक दोन, मंगळवारी पूर्ण वेळ हजर होतो. माझ्याकडे कोणी आलं नाही. याचा मला खेद आहे.' बाईंनी लाल शाईने 'तीव्र खेद' केलं आणि शिक्का मारला. क्रमांक चारचा खुलासा मात्र परत आला. शेरा होता, 'क्रमांक दोनची नक्कल केलेली दिसते.'

खरा उपाय मानसूला ठाऊक होता. पाचवं मशीन हवं. कोण आलं, कुणाच्या टोपलीत काय, एवढं फक्त लक्षात ठेवणारं. चौघांनी दर वेळी त्यालाच विचारायचं.

"म्हणजे ते विकणार काही नाही?" बाई म्हणाल्या. "नुसतं लक्षात ठेवणार? हे काय काम झालं?"

ओक आजी रोज येतच होत्या. कोपऱ्यात बसून जवाचा चहा पीत होत्या. त्या तिथूनच बोलल्या, "आमच्या गावात किमचीच्या वेळी ताकबाई म्हणून एक असते. कोबी चिरत नाही, मीठ लावत नाही. कुणाचं मडकं कुठलं, एवढंच लक्षात ठेवते. ती गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली त्या साली सगळ्यांनी दुसऱ्याचीच किमची घरी नेली. दोन घरं अजून बोलत नाहीत."

 गुकबाईंच्या माहेरची किमचीही एकदा अशीच कुठेतरी गेली होती म्हणे. त्यांनी वजनकाट्याच्या खोलीतला जुना संगणक दिला. त्याला जवळ्याचा वास येत होता, पण स्मरणशक्ती चांगली होती. मानसूने पत्त्याची अट काढून टाकली, आणि शुक्रवारपासून कुठल्याही सर्व्हरने कुणालाही 'आपण कोण' विचारलं नाही. चौघांना सारखं काम मिळालं.

फक्त एक टोपली रिकामी होईना. ओक बुनर्ये, पाच किलो. अर्धा तास कुणी बटण दाबलं नाही की पाचव्याने विसरून जायचं, असं ठरवून दिलेलं. तरी समाजघर उघडं असेपर्यंत हे नाव जागचं हलत नव्हतं. मानसूने फोन लावला.

"आजी, जवळा मागवायचा नाही का?"

"मागवला की मशीनच्या लक्षातून मला बाहेर काढाल."

"मग दिवसभर बटण दाबत बसता?"

"मी एकटी कशाला बसू? पाळ्या लावल्यात," आजी म्हणाल्या. "बुधवारी ताकबाई असते. तिचंही नाव घालता येईल का हो त्यात?"

मानसूने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "किती किलो?"