नर्स बदलण्याचा अर्ज

मला किळस फार लवकर येते. शाळेत एखाद्या पोराने बाकावर उलटी केली तर मी शिपायाला हाक मारून बाहेर उभी राहते, हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. त्यामुळे बाबांना लकवा मारला आणि इच्छापूरजवळच्या आमच्या गावातून त्यांना बऱ्हाणपूरच्या एका खासगी दवाखान्यात आणून आयसीयूत ठेवलं, तेव्हा पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावूनच आत गेले. श्वासासाठी बाबांच्या तोंडात नळी घातली होती. ओठांच्या कडेने लाळ, नळीत घरघरणारा कफ. स्वतःच्या बापाची किळस आली हे तेव्हा कबूल केलं नाही, आज करते.

त्यांच्या खाटेपाशी एक नर्स होती. तिशीची, काटकुळी, सावळी. हातमोजे चढवून ती बोटाला जाळीचं कापड गुंडाळायची आणि बाबांचं तोंड आतून पुसायची. हिरड्या, गालफडं, जीभ, काही सोडायची नाही. मग बारीक नळीने कफ ओढून घ्यायची. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, पाठीमागे उशी लावायची, टाचा अधांतरी राहतील अशी पायांखाली घडी ठेवायची. आणि हे सगळं त्यांच्याशी बोलत. "बाबाजी, आता भिंतीकडे तोंड करू. दुखलं तं सांगजा." नळी घातलेला माणूस काय सांगणार? पण ती विचारायची.

मी एकदा विचारलं, एवढं तोंड कशाला पुसायचं? ती म्हणाली, "मॅडम, तोंडातली घाण नळीच्या बाजूने छातीत उतरते. लकव्याने नाही मरत इतके लोक, याने मरतात."

चौथ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले. माझं बोट दाबलं. डॉक्टर म्हणाले, छाती अशीच साफ राहिली तर दोन-तीन दिवसांत नळी काढू. मी बाहेर येऊन भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

त्याच दिवशी आत्या आली. बाबांची थोरली बहीण. घरातला शेवटचा शब्द तिचा. आत जाऊन तिने भावाकडे नंतर पाहिलं, आधी नर्सला विचारलं, "कुठली तू? कोणाची?"

आमच्याकडे हा प्रश्न पाण्याच्या पेल्याआधी येतो. नर्सनेही बिनदिक्कत सांगितलं, "देडतलाईच्या पलीकडची. कोरकू आदिवासी."

आत्या बाहेर आली ती तोंड वाकडं करूनच. "माह्या भावाच्या गळ्यात माळ आहे. अन् तिचे हात त्याच्या तोंडात? काय काय खातात ते लोक! दुसरी नर्स मांगून घे. आपल्यातली पाह्य."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. मी दुसऱ्याच्या पोरांना समतेचा धडा शिकवते, वर त्यावर प्रश्नही घालते. भाऊ म्हणाला, "लिहून दे ना एक अर्ज, ताई. तुझं अक्षर चांगलं आहे." आमच्या घरात अर्ज मीच लिहिते. मी हिंदीची मास्तरीण. खरं कारण लिहिण्याची लाज वाटली, म्हणून लिहिलं, "भाषा की असुविधा के कारण कृपया नर्स बदल दी जाए." जी बाई बाबांशी माझ्यापेक्षा गोड गावरान मराठीत बोलत होती, तिच्यावर भाषेचा आळ! खाली माझी सही.

दुसऱ्या सकाळी नर्स बदलली. आत्याने नवीचं आडनाव विचारलं आणि समाधानाने घरी गेली. नवी मुलगी वाईट नव्हती, हे मला सांगायलाच हवं. तिच्याकडे आधीच चार खाटा होत्या, बाबा पाचवे झाले. औषधं वेळेवर जात होती. डॉक्टर तेच, मशीन तेच. हात तेवढे बदलले होते, आणि त्या हातांना सवड नव्हती.

आम्हाला भेटायला सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं मिळत. नर्स बदलल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले तर वास आला. आधीचा औषधाचा वास नव्हे, कुजल्याचा. बाबांच्या ओठांवर खपली, जिभेवर पिवळट थर. अंग तापलेलं. मी चादर उचलली. माकडहाडापाशी कातडी काळी पडून ओली झाली होती. आमच्या मळ्यातला केळीचा घड एका अंगावर दाबून ठेवला की असाच काळा पडतो. याच बाबांनी घडाखाली पानं अंथरली नाहीत म्हणून मजुरांना आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, छातीत न्यूमोनिया उतरला आहे.

मी त्या नव्या मुलीवर ओरडले. सगळ्या आयसीयूसमोर, वाट्टेल ते बोलले. ती रडायला लागली. ओरडता ओरडता माझी नजर पलीकडच्या कोपऱ्यात गेली. तिथे ती आधीची नर्स कुणाच्या तरी आईची कूस बदलत होती, पाठीमागे उशी लावत होती. मी तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, एकदा येऊन बघाल का?

ड्यूटी संपल्यावर ती आली. हातमोजे घातले, बोटाला कापड गुंडाळलं आणि बाबांच्या तोंडाजवळ हात नेऊन थांबली.

"तुमच्या आत्याले चालीन का?"

तिला सगळं ठाऊक होतं. माझा तो देखणा अर्ज तिने वाचला असणारच. मी म्हटलं, "मला चालेल." किती उदारपणे म्हटलं मी! त्या दोन शब्दांची आजही शिसारी येते.

तिने तोंड पुसलं, जखम धुतली, कूस बदलली. जाताना एवढंच म्हणाली, "छाती साफ होती त्यांची, मॅडम."

बाबा आणखी चार दिवस जगले.

तेराव्याच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर आत्या माझ्यापाशी येऊन बसली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "दवाखान्यानं मारला माह्या भावाले. असा सोडू नको त्यायले. वर तक्रार कर. लिह्य कागद."

"पहिला अर्जही मीच लिहिला होता, आत्या," मी म्हटलं.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तेच तं म्हणते बाई. किती छान लिहेल होता. एका दिवसात काम झालं."