शेल्याखालची दोन बोटं
जिल्ह्याच्या कचेरीने आम्हाला फसवलं, हे आधीच सांगतो. आज कपाटात जुना लाल शेला सापडला. त्याला अजून बैलांचा वास येतो. सत्तरच्या दशकात मी अनसिंगच्या बाजारात बैलांचे सौदे करायचो. माझी सहा वर्षांची लेक बोलत नव्हती, कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हती. स्वमग्न हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणाला माहीत नव्हता. लोक तिला खुळी म्हणायचे आणि मी भांडायचो. एकदा कचेरीकडून अशा मुलांची पाहणी करायला एक बाई वही घेऊन घरी आली. मी खेकसलो, "लिहून नेता, पण देता काय?" ती हसली. "भाऊ, बाजारात तुमी शेल्याखाली बोटं दाबून भाव ठरवता. मंग पोरीसंग तोंडानंच काहून बोलता?" मी वरमलो. तिने लेकीच्या हातावर माझा शेला टाकला आणि माझ्याकडून लेकीचं एक बोट दाबून पाणी, दोन दाबून गूळ असं दुपारभर देववलं. दिवस कलताना शेल्याखाली लेकीनेच माझी दोन बोटं घट्ट दाबली. मी गूळ दिला. तिने पुन्हा दाबली. बायको ओरडली, "अवो, तुमच्याहून पक्की दलाल हाय हे! गुळाची भेली संपून राह्यली!" आम्ही हसता हसता रडलो. पुढच्या बाजाराला येते म्हणून बाई गेली, पण कचेरीने ती पाहणीच बंद केली. लेक आजही दोन बोटं दाबून गूळ मागते. त्या वहीत मात्र अशी आणखी घरं होती. नावं मिळाली असती तर शेला घेऊन मीच गेलो असतो. ती वही कुठे आहे, ते कचेरीने सांगावं.