निळ्या छताचं चर्च

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त खूश झाला तो रंगारी, आणि लग्न कुठल्या चर्चमध्ये करायचं हा विषय निघाल्यावर सगळ्यांत आधी गप्प झाला तोही तोच.

तसा तो घरं रंगवायचा, दुकानं रंगवायचा, पण नाव झालं ते चर्चच्या कामामुळे. भिंतीवरचे पुसट झालेले संत, खांबांवरची सोनेरी वेलबुट्टी असली नाजूक कामं लोक त्यालाच सांगायचे. नदीकाठच्या जुन्या चर्चचं छत उजळायचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो भर उमेदीत होता. ते छत गर्द निळं, त्यावर सोनेरी तारे. अर्धं छत झालं आणि एके सकाळी परांचीची फळी त्याच्या पायाखालून सरकली. बाकांवर रंगाचे थेंब पडू नयेत म्हणून जाड ताडपत्र्या घडी करून टाकल्या होत्या, त्यांच्यावर पडला म्हणून वाचला. मांडीचं हाड मोडलं, जोडलं गेलं, चालताना जरा लंगडणं तेवढं राहिलं. लोकांच्या लेखी गोष्ट तिथंच संपली.

त्याच्या लेखी संपली नव्हती. उंच छताकडे मान वर केली की पायाखालची जमीन कलंडायची. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. पाय साथ देत नाही, आता जमिनीवरचीच कामं बरी, असं म्हणत तो दारं, बाकं, कठडे रंगवू लागला. रविवारच्या मिस्सेलाही नदीकाठी जायचं सोडून घराजवळच्या चॅपेलमध्ये जाऊ लागला. पाय दुखतो म्हटल्यावर कोण काय बोलणार? चॅपेलचं छत बुटकं होतं, तिथं त्याला काही व्हायचं नाही.

पण चॅपेलमध्ये लग्न होणं शक्य नव्हतं. होणाऱ्या जावयाचा गोतावळाच एवढा मोठा, की निम्मे लोक बाहेर उभे राहिले असते. शिवाय लेकीच्या मनात काहीतरी सुंदर होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभेल हे शोधण्यात तिचा दिवस जायचा, आणि स्वतःच्या लग्नाच्या बाबतीत ती ‘चालेल’वर भागवणारी नव्हती. बाप्तिस्मा झाला ते नदीकाठचं चर्च तिला पहिल्यापासून हवं होतं. रंगारी म्हणाला, आधी बाकीची बघून तर घेऊ. मग चौघं निघाले: रंगारी, त्याची बायको, लेक आणि होणारा जावई. जावई प्लंबर होता, मोजकं बोलणारा. कुठल्याही चर्चमध्ये शिरण्याआधी तो बाहेरच्या पावसाच्या पन्हळी बघून यायचा.

पहिलं चर्च टेकडीवरचं. पांढरंशुभ्र, दारातून सगळं शहर दिसायचं. पण पायऱ्या इतक्या, की बायको मध्येच बसली आणि म्हणाली, माझ्या आईला इथवर आणायचं तर आधी तिचाच अंत्यविधी उरकावा लागेल. दुसरं नवं होतं, विटांचं, गोल, वर लाकडी आणि बेताचं छत. रंगारी तिथं खुलला. बाकांवरून हात फिरवला, आवाज किती छान पोचतो बघा म्हणाला. लेकीने एकदा भोवती नजर टाकली. तिला ते पोहण्याच्या तलावाच्या इमारतीसारखं वाटलं. तिसरं मठातलं, उंच रंगीत काचांचं. दुपारच्या उन्हात फरशीवर लाल-जांभळे तुकडे सांडलेले बघून लेक दारातच थांबली. पण लग्नाचा तो सगळा महिना सिस्टरांच्या मौन-प्रार्थनेचा होता. त्यांनी प्रेमाने पाणी दिलं आणि प्रेमानेच नाही म्हटलं.

आता उरलं नदीकाठचं. रंगारी म्हणाला, तिथं फार घुमतं. मग म्हणाला, गार असतं. मग दारं फरशीला घासतात म्हणाला. लेकीची मावशी घरी आली होती, तिने ऐकलं आणि म्हणाली, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथं मुलगी चांगली धारदार नाकाची आहे आणि विघ्नं बाप आणतोय. बायको हसली नाही. एवढंच म्हणाली, “अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय?”

तो उठून मागच्या अंगणात गेला आणि धुतलेलेच ब्रश पुन्हा धुऊ लागला. थोड्या वेळाने लेक त्याच्या शेजारी येऊन बसली.

“पप्पा, ते चर्च नको असेल तर नको. पण खरं कारण सांगा.”

त्याने सांगितलं. ब्रश धूत धूत, तिच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. पडल्याचं नव्हे, ते तिला ठाऊकच होतं, त्यानंतरचं. तो मान वर करत नाही म्हणजे मानेचं काहीतरी दुखणं असेल, असंच तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

“मरणाचं भय नाही गं वाटत,” तो शेवटी म्हणाला. “तुझा हात धरून चालताना मध्येच कोसळलो तर? तुझ्या लग्नात लोकांनी नवरी बघायची का मला उचलायचं?”

“मग विटांचं घेऊ,” ती म्हणाली. तिच्या आवाजात रुसवा नव्हता, हे त्याला कळलं. पोहण्याचा तलाव तर पोहण्याचा तलाव, तुम्ही शेजारी उभे असलात म्हणजे झालं, असं म्हणून तिने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. त्याला एकदम हलकं वाटलं, घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसं. आणि तसं वाटलं म्हणूनच बहुधा, एकदा तरी आत जाऊन बघावं असं त्याच्याच मनाने घेतलं.

मावशी दाराआड उभी होती आणि हे तिने लपवलंही नाही. तिलाही चक्कर यायची, त्यामुळे या विषयात ती स्वतःला जाणकार समजे. उभ्याने वर बघितलं की फिरतं ना, मग आडवं पडून बघा, ती म्हणाली. झोपलेला माणूस पडून पडून पडणार कुठं?

आठवड्यातल्या मधल्या वारी दुपारी चौघं नदीकाठी गेले. चर्च रिकामं होतं. फादर वेदीजवळ खुर्ची टाकून माइकची वायर जोडत बसले होते. लेकीने त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी काही उपदेश केला नाही. आत जाऊन एक उशी आणून दिली. रंगारी फरशीवर नजर ठेवून, लेकीचा दंड धरून शेवटच्या बाकापर्यंत गेला. उशी डोक्याखाली घेऊन आडवा झाला आणि कितीतरी वेळ डोळे मिटून पडून राहिला.

मग त्याने ते उघडले.

छत जिथल्या तिथं होतं. लांब, निळं, स्थिर. ते खाली आलं नाही, तोही वर ओढला गेला नाही. इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांपुढे होतं ते अर्धवट छत: एका बाजूला त्याचा निळा, दुसऱ्या बाजूला काजळी, आणि मध्ये वेडीवाकडी रेघ. तो ती रेघ शोधत राहिला. या कमानीपासून त्या कमानीपर्यंत नजर नेली, परत आणली. रेघ कुठंच नव्हती.

“फादर, पुढचं कुणी केलं?”

“बाहेरून एक रंगारी बोलावला होता. पण रंग तुमचाच. तुम्ही कालवून ठेवलेले डबे तसेच उरले होते.”

रंगारी हसायला लागला. आडव्यानेच, पोट हलवत. ते बघून जावई पुढच्या बाकावर आडवा झाला, मग लेक, आणि इकडेतिकडे बघत बायकोही. तेवढ्यात प्रार्थनेला म्हणून एक म्हातारी आत आली. बाकाबाकावर आडवी पडलेली माणसं बघून ती फादरना म्हणाली, विषबाधा झालीय का, पाणी आणू का? फादरनी तिला समजावलं, तरी तिने पाणी आणलंच.

उठून बसल्यावर वर बघताना रंगाऱ्याला जरा गरगरलं. त्याने बाक घट्ट धरला. गरगर आली तशी गेली. नंतर तो दोन-तीनदा एकटाच तिथं जाऊन आला; आधी बसून, मग खांबाला टेकून उभ्याने. कधी जमायचं, कधी घाम फुटायचा. लग्न तिथंच, हे मात्र त्याने स्वतः सगळ्यांना सांगितलं.

लग्नाच्या सकाळी दारं खरोखरच घासली, आणि ऑर्गन सुरू झाला तसं खरोखरच घुमलं. बायको पहिल्या बाकावरून मान वळवून दाराकडे बघत होती. तिला नवरी दिसत होती, पण बघत होती ती त्याचे पाय. लंगडत, सावकाश, लेकीच्या पावलाशी पाऊल जुळवत तो येत होता. मध्यावर आल्यावर त्याने मान वर केली. त्याने छताकडे बघितलं, लेकीच्या कानाशी लागून काहीतरी म्हटलं, ती हसली, आणि दोघं चालत वेदीपाशी पोचली. लेकीचा हात जावयाच्या हातात देऊन तो येऊन बायकोशेजारी बसला तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

मिस्सा संपली. नवरा-नवरी सह्या करायला आतल्या खोलीत गेली आणि लोक उठून एकमेकांना भेटू लागले. बायकोने विचारलं, बरं वाटतंय ना? मध्येच तिला काय सांगत होतात?

“सांगत होतो की मला भूक लागलीय,” तो म्हणाला.

सकाळपासून त्याने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि हे आपल्या ध्यानातही आलं नाही म्हणून ती चुकचुकली. मग पर्समधून तिने बिस्किटांचा पुडा काढला आणि कुणी बघत नाही असं पाहून उघडला. दोघांनी मिळून तो संपवला.