रोसेंदोकाकाच्या पाठीवरच्या तीन घड्या

एदुविहेसमावशीला अमेरिकेतून सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनात हाकलून दिलं, तेव्हा तिनं नवऱ्याला एकच अट घातली: तुझ्या शर्टांना दुसऱ्या बाईचा हात लागता कामा नये. म्हणून रोसेंदोकाका दर रविवारी सान दिएगोहून सीमा ओलांडून येतो, खांद्यावर मळक्या कपड्यांची पिशवी. मावशी आधी प्रत्येक कॉलर हुंगते, मग धुते, मग इस्त्री. सीमेच्या फाटकावरचं पोलिसांचं कुत्रंही इतकं मन लावून हुंगत नाही.

काका अमेरिकेचा माजी सैनिक. लढाईहून गुडघ्यात लोखंड घेऊन आला. पण मावशी लहानपणी कागदांशिवाय तिकडे गेलेली, त्यामुळे सैनिकाची बायको असून कुंपणाच्या अलीकडे. परत जायचा अर्ज अजून लटकलेला. वकीलबाई गरम बटाटा तोंडात घोळवल्यागत स्पॅनिश बोलते, "सेन्योराऽ, तुम्ही नाही म्हणून नवऱ्याचे अतोनात हाल होतायत, हे व्हिसाच्या साहेबांना पटायला हवं. नाहीतर अर्ज बाद."

आणि परवा काका आला तो बिनपिशवीचा. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट!

मावशीनं तव्यावरची तोर्तिया तशीच जळू दिली.

"या, नवरदेव! कुणी सजवलं?"

"कुणी नाही गं."

"कुणी नाही म्हणजे ती शेजारची विधवा सुलेमा. 'सेन्योर रोसेंदोऽ, थोडं सूप आणलंय होऽऽ!'" मावशीनं मान अशी वेळावली की कोपऱ्यात बसलेल्या मला हसू आवरायला खुर्ची धरावी लागली.

"एकदाच आणलं होतं."

"म्हणजे आणलं होतं!"

"अगं ऐक तरी..."

"तू ऐक, म्हाताऱ्या! माझा अर्ज तुझ्या हालांवर उभा आणि तू असा टवटवीत होऊन फिरतोस! साहेब म्हणेल, याला बायको नसलेलीच मानवते!"

तिनं त्याला गरकन फिरवलं, पाठ हुंगायला. आणि थबकली. पाठीवर तीन उभ्या घड्या, सुरीनं कापाव्यात तशा सरळ.

"हे त्या सुलेमाला सात जन्मात जमायचं नाही."

"पलटणीत शिकवतात," काका पुटपुटला.

"म्हणजे तुला येत होतं? आणि इतकी वर्षं मी हात भाजून घेतले?"

"तू करायचीस ते आवडायचं."

"मग आता का करतोस?"

"झोप येत नाही. घर फार गप्प असतं. इस्त्रीची वाफ फुसफुसली की वाटतं, तू आत आहेस. म्हणून रोज धुतो, रोज करतो. मळका शर्ट उरतच नाही."

मावशी नाक पुसून म्हणाली, "हे वकीलबाईला सांगितलंस?"

"असलं काय सांगायचं?"

"अरे गाढवा, असलंच सांगायचं!"

तिनं स्वतः नंबर लावला, फोन त्याच्या कानाला दाबून धरला. काका अडखळत बोलत होता, पलीकडे वकीलबाईच्या तोंडातला बटाटा थंड होत चालला होता. मावशीनं हळूच पुढे वाकून त्याची कॉलर हुंगली.

"सूप कसलं होतं?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.